कारिंदेर्यात जेवायचं कसं: फिलिपिन्सच्या गल्लीतल्या स्वस्त खाणावळीची सगळी पद्धत

मनिलाला नोकरीला गेलेली, दवाओला एमबीबीएसला गेलेली किंवा नुसती फिरायला गेलेली आपली माणसं परत आली की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, तिकडं खायला काही नाही हो, एकतर गोड नाहीतर आंबट, मसाला कशाशी खातात ते त्यांना माहीतच नाही. मी मनिलाला लागून असलेल्या माकातीत दोन वर्षं काढली आणि पहिले तीन आठवडे मीही हेच म्हणत होतो, रूमवर मॅगी आणि उकडलेली अंडी यावर दिवस ढकलत होतो. मग बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक खाणावळ होती तिथं रोज जायला लागलो आणि हळूहळू कळलं की जेवणात काहीच कमी नव्हतं, ते ताटात कसं घ्यायचं आणि कशाबरोबर कालवायचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते आता मी तुम्हाला सांगतो, अगदी पहिल्यापासून, कारण शंभर-सव्वाशे पेसोत पोटभर, गरम आणि घरच्यासारखं जेवण दारात असताना आपली पोरं उपाशी नाहीतर बर्गरवर राहतात हे मला खरंच बघवत नाही.

आधी ही जागा काय असते ते

अशा खाणावळीला तिकडं कारिंदेर्या म्हणतात. दुसरं नाव तुरो-तुरो. तागालोगमध्ये, म्हणजे तिकडच्या भाषेत, तुरो म्हणजे बोट दाखवणं, काचेच्या कपाटातल्या ट्रेकडे किंवा ओळीनं मांडलेल्या पातेल्यांकडे बोट दाखवायचं आणि ते तुमच्या ताटात येतं, म्हणून तुरो-तुरो. मेनूकार्ड नसतं. सकाळी जे शिजवलंय ते समोर आहे, ते संपलं की दुकान संपलं. माकातीच्या ऑफिसांच्या भागात फुटपाथवर पत्र्याचे छोटे स्टॉल असतात त्यांना जॉलीजीप म्हणतात, तोच प्रकार, फक्त तिथं उभ्यानं नाहीतर स्टुलावर बसून खायचं किंवा पार्सल घेऊन वर जायचं.

कारिंदेर्या हा शब्द 'कारी' म्हणजे आपल्या करीवरून आला असं मानतात. १७६२ ते १७६४ या काळात मनिला ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, त्यांच्याबरोबर मद्रासकडचे शिपाई आले होते आणि त्यातले काही मनिलाजवळच्या कायन्ता गावात कायमचे राहिले. कारे-कारे नावाचं दाण्याच्या रश्शातलं कालवण त्यांच्यामुळे आलं असं तिकडचे लोक सांगतात. आणि आपल्याला तिकडं 'बुंबाय' म्हणतात, म्हणजे बॉम्बे, मग तुम्ही नागपूरचे असा की पंजाबचे. वाईट वाटून घेऊ नका, माझ्या गल्लीत ते लाडानंच म्हणायचे.

सगळ्यात महत्त्वाचे दोन शब्द पाठ करा, कानिन आणि उलाम. कानिन म्हणजे शिजलेला भात. उलाम म्हणजे भाताबरोबर जे काही खायचं ते. आपल्या कोकणात कालवण म्हणतात ना, अगदी तेच, मग ते माशाचं असो, भाजीचं असो की नुसतं तळलेलं अंडं असो. ही जोडी डोक्यात बसली की अर्धं काम झालं, कारण तिकडचं कुठलंही उलाम एकटं खाण्यासाठी बनवलेलंच नसतं. ते खारट असतं, आंबट असतं, तेलकट असतं ते भातासाठी. आपली सुक्या जवळ्याची चटणी कुणी वाटीभर नुसती खाऊन बघितली तर तो काय म्हणेल, तसंच आहे ते.

वेळ साधायची

दुपारचं जेवण घ्यायचं तर अकरा ते साडेअकराला पोचा. ऐकायला लवकर वाटतं पण बाराला ऑफिसं आणि बांधकामावरची माणसं एकदम सुटतात आणि पुढच्या पाऊण तासात चांगली पातेली रिकामी होतात. एकनंतर गेलात तर 'उबोस ना' ऐकायची तयारी ठेवा, म्हणजे संपलं. दोननंतर जे उरलंय ते गार असतं, आणि मी पहिल्या दिवशी नेमका सव्वादोनला गेलो होतो.

संध्याकाळी जायचं असेल तर काय घ्यायचं ते बदला. नारळाच्या रसातलं काही, म्हणजे नावात 'गिनाताआन' आलं की ते, संध्याकाळी घेऊ नका, सकाळी केलेलं नारळाचं कालवण त्या उकाड्यात किती टिकतं हे आपल्याला सांगायला नको. त्याउलट आदोबो आणि पाकसिव ही व्हिनेगरमध्ये शिजवलेली कालवणं संध्याकाळीच जास्त मुरलेली लागतात, आदोबो तर दुसऱ्या दिवशीही चांगला लागतो म्हणून घरोघरी मुद्दाम ठेवतात.

सकाळी पाच-सहापासून काही ठिकाणी नाश्ता मिळतो त्याबद्दल पुढं सांगतो.

जागा कशी निवडायची

बाहेर ट्रायसिकलवाले (मोटरसायकलला जोडगाडी लावलेली तिकडची रिक्षा) आणि जीपनीचे, म्हणजे लांबट जीपसारख्या शेअर गाडीचे, ड्रायव्हर बसलेत का बघा. रोज एकाच ठिकाणी पैसे मोजून जेवणारी माणसं आहेत ती, त्यांना फसवून चालत नाही. पातेली झाकलेली आहेत का, काचेच्या कपाटाला पडदा किंवा दार आहे का, माश्यांसाठी छोट्या मोटरवर गरगर फिरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात त्या चालू आहेत का. चमचे-काटे उकळत्या पाण्याच्या भांड्यात उभे ठेवलेले असले तर ती चांगली खूण. ताटाला वरून पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून त्यात वाढतात ते बघून दचकू नका, धुवायचं पाणी वाचवायची ती सोय आहे, जेवण झालं की पिशवी काढून टाकतात आणि ताट तसंच कोरडं राहतं.

पातेली किती आहेत त्यावर फार जाऊ नका. पंचवीस प्रकार मांडलेल्या जागेपेक्षा सात-आठ प्रकार असलेली आणि बारा वाजता त्यातली चार संपलेली जागा मला नेहमी जास्त भरवशाची वाटली.

आत गेल्यावर काय बोलायचं

वाढणारी बाई तुमच्यापेक्षा थोडी मोठी असेल तर तिला 'आते' म्हणायचं. आपल्याकडं आते म्हणजे वडिलांची बहीण, त्यांच्याकडं आते म्हणजे मोठी बहीण, म्हणजे ताई, त्यामुळं आपल्या तोंडात हा शब्द पहिल्या दिवसापासून बसतो. पुरुषाला 'कुया', म्हणजे दादा. म्हाताऱ्या बाईला 'नानाय', म्हणजे आई. आणि प्रत्येक वाक्याला 'पो' लावायचा, तो आपल्या अहो-जाहोसारखा आदराचा शब्द आहे. इंग्लिश सगळ्यांना कळतं, तिथं अडत नाही काही, पण 'आते, आनो पो इतो?' म्हणजे ताई हे काय आहे, एवढं एक वाक्य बोललात की समोरच्या माणसाचा चेहराच बदलतो आणि मग ती स्वतःहून सांगायला लागते की हे आत्ताच उतरवलंय, ते कालचं आहे, ते घेऊ नको.

झाकण उचलून बघितलं तर चालतं. जुन्या पद्धतीच्या कारिंदेर्यात पातेली ओळीनं मांडलेली असतात आणि गिऱ्हाईक एकेक झाकण उचलून बघत जातं, तिथं त्यात काही वावगं नाही, फक्त झाकण परत ठेवा आणि डावाला हात लावू नका, वाढणार ती. काचेचं कपाट असेल तर बोट दाखवा.

एक गोष्ट मला कळायला वेळ लागला. मी बसायला जागा शोधत होतो आणि आतेनं माझ्याकडं बघून ओठांचा चंबू करून एका बाजूला नुसती मान वळवली. दोन वेळा केलं. तिकडं लोक ओठांनी दिशा दाखवतात, हात कामात असले की तर हमखास, तेव्हा ओठ वळले त्या बाजूला बघा, तिथं खुर्ची असते.

कुठल्या पातेल्यात काय असतं

प्राण्यांची नावं आधी, कारण आपल्यात प्रत्येकाचं काही ना काही वर्ज्य असतं. बाबोय म्हणजे डुक्कर, बाका म्हणजे बीफ, मानोक म्हणजे कोंबडी, काम्बिंग म्हणजे बोकड, इस्दा म्हणजे मासा, हिपोन म्हणजे कोळंबी, इतलोग म्हणजे अंडं. 'कार्ने' असं नुसतं म्हटलं तर मांस, आणि कारिंदेर्यात ते बहुतेक वेळा डुकराचंच निघतं. 'गिनिलिंग' म्हणजे खिमा, तोही बहुतेक डुकराचा. लुम्पियांग शांघाय ही छोटी तळलेली रोल, लहान मुलांना फार आवडतात, आत तोच खिमा. विचारायचं वाक्य, 'मे बाबोय पो बा?', यात डुक्कर आहे का.

आता कालवणं. सिनिगांग हा आंबट पातळ रस्सा, चिंचेचा, कधी पेरूचा, कधी बिंबलांचा (तिकडं त्यांना कामियास म्हणतात), त्यात मुळा, भेंडी, वांगं, चवळीच्या लांब शेंगा आणि नाळीची भाजी, आणि मग मासा, कोळंबी किंवा डुक्कर. ज्यांनी लहानपणी बिंबलं घातलेलं माशाचं कालवण खाल्लंय त्यांना माशाचा सिनिगांग पहिल्या घासाला ओळखीचा वाटेल. तिनोला म्हणजे आल्याचा कोंबडीचा रस्सा, त्यात कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला, आजारपणात यासारखं दुसरं काही नाही. आदोबो तुम्हाला माहीत असेलच, व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र, मिरी. मुंगो म्हणजे आपले मूग, नाव पण तेच, दाटसर उसळीसारखे. लाईंग म्हणजे अळूची वाळवलेली पानं नारळाच्या रसात मिरचीबरोबर, बिकोल भागातलं, आणि तिखट खाणाऱ्यासाठी अख्ख्या दुकानातली सगळ्यात चांगली गोष्ट. पिनाकबेत म्हणजे भोपळा, कारलं, वांगं, भेंडी, शेंगा अशी मिश्र भाजी. आफ्रितादा, मेनुदो, काल्देरेता ही टोमॅटोतली लाल कालवणं, बघून रस्सा वाटतो पण चव गोडसर असते, आणि मेनुदोत काळजाचे तुकडे असतात.

दिनुगुआन ओळखायला शिका. काळंभोर, दाट, बघितल्यावर वाटतं काळ्या मसाल्यातलं मटण आलं ताटात. ते डुकराच्या रक्तात शिजवलेलं असतं, दुगो म्हणजे रक्त. ज्यांना चालतं त्यांनी जरूर खावं, पुतो नावाच्या तांदळाच्या पांढऱ्या मऊ इडलीसारख्या प्रकाराबरोबर खातात, पण माहीत नसताना ताटात आलं असं कुणाचं होऊ नये. तसंच बोपिस म्हणजे डुकराचं फुफ्फुस आणि हृदय बारीक चिरून, पापाइतान म्हणजे आतड्यांचा मुद्दाम कडू केलेला रस्सा.

जोडी लावणं, हे सगळ्यात महत्त्वाचं

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगतो. मी सव्वादोनला गेलो, उरलेल्या तीन पातेल्यांतून माशाच्या सिनिगांगकडे बोट दाखवलं, वाटी घेतली आणि हॉटेलातल्या सूपसारखं चमच्या-चमच्यानं प्यायला लागलो, भात बाजूला तसाच. चार चमच्यांत दात आंबले. मी वाटी बाजूला सरकवली आणि उठायला लागलो तर आते ओट्यामागून आली, काही न बोलता माझ्या वाटीतला रस्सा दोन डाव माझ्या भातावर घातला, टेबलावरची छोटी बशी ओढली, त्यात पातिस म्हणजे माशाचं खारं पाणी ओतलं, एक नखाएवढी लाल मिरची त्यात चमच्याच्या पाठीनं चिरडली, माशाचा तुकडा काट्यानं मोडून त्या बशीत बुडवला आणि भातावर ठेवला. मग माझ्याकडं बघत उभी राहिली. मी तो घास खाल्ला आणि त्या एका घासात आंबट, खारट, तिखट आणि गोड भात सगळं आपापल्या जागी बसलं. तेच कालवण होतं, तोच गार झालेला मासा होता.

तर नियम असा. एक पातळ आणि एक कोरडं. दोन पातळ घेऊ नका, दोन तेलकट घेऊ नका. अर्धा-अर्धा उलाम बऱ्याच ठिकाणी देतात, नुसतं 'हाफ' म्हणा, कळतं. मी वर्षभर खाऊन पक्क्या केलेल्या जोड्या या: मुंगो आणि तळलेला मासा, त्यातही गालुंगोंग नावाचा स्वस्त छोटा मासा कडकडीत तळलेला. लाईंग आणि तळलेला मासा. सिनिगांग आणि वांग्याचं तोर्ता, म्हणजे अंड्यात बुडवून तळलेलं वांगं. आदोबो असेल तर बरोबर टोमॅटो आणि खारवलेलं अंडं, त्याचं कवच गडद गुलाबी-लाल रंगवलेलं असतं म्हणून लगेच ओळखू येतं, ते चिरून टोमॅटोत कालवून देतात आणि आदोबोचा तेलकटपणा त्यानं कापला जातो.

कारे-कारे घेतलंत तर (ते बहुतेक वेळा बीफचं असतं, शेपटी आणि आतडी) आधीच सांगतो, ते फिक्कं लागणार. मुद्दाम फिक्कं ठेवतात. दाण्याचा दाट रस्सा, त्यात मीठ जवळजवळ नाही, कारण बरोबर छोट्या वाटीत बागोओंग येतं, आंबवलेल्या बारीक कोळंबीचं खारट कालवण, आणि प्रत्येक घासाला किती लावायचं ते खाणाऱ्यानं ठरवायचं असतं. कितीतरी लोक ती वाटी बाजूला ठेवून कारे-कारे बेचव आहे असं सांगत सुटतात. दाण्याची आमटी मीठ न घालता खाल्ल्यासारखं आहे ते.

भात एकानं पुरत नाही. 'इसा पांग कानिन पो', अजून एक भात द्या. अर्धा पण मिळतो. आणि बऱ्याच ठिकाणी मांसाच्या उकळीचं पातळ पाणी, साबाव, फुकट असतं पण ते मागावं लागतं, 'पाहिंगी पो नांग साबाव'. कोरडं उलाम घेतलं असेल तेव्हा हे मागाच. ते बीफ नाहीतर डुकराच्या हाडांचं असू शकतं हे मात्र लक्षात ठेवा.

टेबलावरच्या बाटल्या

मसाला नाही म्हणणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा. तिकडं तिखट-आंबट-खारट पातेल्यात कमी आणि टेबलावर जास्त असतं. ज्याला जसं हवं तसं त्यानं छोट्या बशीत मिसळायचं, त्याला सावसावान म्हणतात.

सुका म्हणजे व्हिनेगर, आपल्या सुक्याशी संबंध नाही, बाटलीत मिरच्या, लसूण, मिरी घालून मुरवत ठेवलेलं असतं. तोयो म्हणजे सोया सॉस. याच्याशी गल्लत होणारा शब्द तुयो, तो म्हणजे सुका खारा मासा, तेव्हा उच्चार सांभाळा. पातिस मी वर सांगितलंच. कालामान्सी म्हणजे गोटीएवढं लिंबू, आपल्या लिंबापेक्षा वास जरा संत्र्याकडं झुकणारा. सिलिंग लाबुयो ही ती नखाएवढी मिरची, आपल्या लवंगी मिरचीची बहीण शोभेल, आणि बशीत दिसत नसली तर मागा, असते, बाहेरच्या माणसाला तिखट सोसणार नाही म्हणून काढलेली नसते इतकंच.

माझं मिश्रण: तोयो दोन चमचे, तीन कालामान्सी पिळून, दोन मिरच्या चिरडून, जमलं तर कांदा. तळलेल्या माशावर, अंड्यावर, तळलेल्या वांग्यावर, कशावरही. रश्शाबरोबर मात्र तोयो नको, तिथं पातिस आणि मिरची. तळलेल्या डुकरावर मिरचीचं सुका. आणि लाल बाटली दिसते ती टोमॅटोची नसते बरं का, केळ्याचं केचप आहे ते, मारिया ओरोसा नावाच्या अन्नशास्त्रज्ञ बाईंनी टोमॅटो आयात करावे लागतात म्हणून गावच्या केळ्यांपासून केलं, १९४५ च्या मनिलाच्या लढाईत त्या गेल्या. वांग्याच्या तोर्तावर हे केचप लावून खातात, मला मिरचीचं सुका जास्त आवडतं. कच्च्या पपईचं आंबटगोड लोणचं असतं त्याला अत्चारा म्हणतात, शब्द ओळखीचा वाटला ना, तोच, अचार.

शाकाहारी असाल तर

खोटं सांगत नाही, अवघड आहे. गुलाय म्हणजे भाजी, पण गुलायचं पातेलं म्हणजे शाकाहारी असं अजिबात नाही. पिनाकबेतमध्ये बागोओंग असतंच, वर डुकराचे तुकडे पण असू शकतात. मुंगोत डुक्कर, कोळंबी नाहीतर खारा-धुरावलेला मासा घालतात. मुंगो तिकडं शुक्रवारी करायची पद्धत आहे, कॅथलिक लोक ईस्टरच्या आधीच्या उपासात शुक्रवारी मांस खात नाहीत त्यातून ती सवय वर्षभर राहिली, पण शुक्रवारचे मूग म्हणजे मांस नाही एवढंच, मासा असतोच. 'मी व्हेजिटेरियन आहे' सांगून भागत नाही, नाव घेऊन विचारावं लागतं, बाबोय, हिपोन, बागोओंग, पातिस, एकेक.

अंडं चालत असेल तर पोट भरतं. तोर्तांग तालोंग, म्हणजे अख्खं वांगं भाजून सोलून देठासकट चपटं करून अंड्यात बुडवून तळलेलं, याच्यासारखी गोष्ट आपल्याकडं का नाही असं मला नेहमी वाटतं, भरीत आणि आम्लेट दोन्हीचं सुख एका तुकड्यात. त्यात कधी कधी खिमा भरतात, तेवढं विचारा. एन्सालादांग तालोंग म्हणजे भाजलेलं वांगं, टोमॅटो, कांदा, व्हिनेगर, यात बागोओंग वेगळं द्या म्हणायचं. खारवलेलं अंडं-टोमॅटो, तळलेलं अंडं, भात. तळणीचं तेल मात्र सगळ्याला एकच असतं.

अंडंही चालत नसेल तर माझं मत असं की रोजच्या जेवणासाठी या जागेवर अवलंबून राहू नका. भात आणि चिरलेला टोमॅटो-कांदा इथून घ्या, डाळ रूमवर लावा. माझा एक रूममेट वर्षभर तसंच करायचा. आते त्याच्यासाठी शेवग्याचा पाला वेगळा काढून ठेवायची, तो डाळीत घालायचा.

बसल्यावर

टेबल एकट्याचं नसतं, बाकावर सरकून बसायचं. हत्यारं दोनच, उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, काट्यानं चमच्यात ढकलायचं, सुरी नाही. हातानं खाल्लं तरी चालतं, त्याला कामायान म्हणतात, हात धुवायला बेसिन कुठंय तेवढं बघून घ्या. थंड पाण्याचा जग फुकट असतो, मी पहिले दोन महिने बाटलीचं पाणी घेतलं, नंतर तेच प्यायलो. पोट नाजूक असेल तर बाटलीच घ्या.

तुमच्या आधी जेवत बसलेला माणूस तुमच्याकडं बघून 'काइन तायो' म्हणेल. म्हणजे चला जेवूया. आपण दारातून जाणाऱ्याला 'या जेवायला' म्हणतो ना, तसंच. ताटात हात घालायचं ते आमंत्रण नाही, पण उत्तर न देणं वाईट दिसतं. हसून 'सिगे लांग पो, सालामात' म्हणायचं, म्हणजे तुमचं चालू द्या, आभारी आहे. आणि उद्या तुम्ही बसलेले असाल आणि कुणी ओळखीचं आलं तर तुम्ही म्हणायचं. मला ज्या दिवशी हे आपसूक तोंडातून आलं त्या दिवशी शेजारचा ट्रायसिकलवाला माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

पैसे

२०२३ मध्ये माझ्या गल्लीत भाजीचं उलाम चाळीस-पन्नास पेसो, मांसाचं किंवा माशाचं सत्तर ते नव्वद, भात दहा ते पंधरा असं होतं, पेसो म्हणजे साधारण दीड रुपया धरा. काही ठिकाणी आधी पैसे, काही ठिकाणी उठताना, समोरचा काय करतोय ते बघायचं. 'मगकानो पो?' किती झाले, आणि पैसे पुढं करताना 'बायाद पो'. टिप कुणी देत नाही, अपेक्षाही नसते. सकाळी हजाराची नोट काढू नका, सुट्टे नसतात आणि त्या बाईला तीन दुकानं फिरावं लागतं, वीस-पन्नास-शंभरच्या नोटा आणि नाणी जवळ ठेवा. जीकॅश म्हणजे तिकडचं मोबाइलवरून पैसे द्यायचं ॲप, त्याचा क्यूआर कोड बऱ्याच ठिकाणी लावलेला असतो. भाव करायचा नाही, बाजारात करा, इथं नको.

पार्सल हवं तर 'बालोत' म्हणा. रस्सा पिशवीत बांधून देतात, गाठ इतकी घट्ट मारतात की कापावीच लागते, तेव्हा ऑफिसात कात्री आणि खोलगट वाटी ठेवा.

सकाळ आणि चारची वेळ

सकाळी सिलोग. सिनांगाग म्हणजे लसणीचा परतलेला भात, इतलोग म्हणजे अंडं, पहिल्याची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट मिळून सि-लोग, आणि पुढं जे लागेल त्याचं नाव जोडायचं. तापा म्हणजे बीफ असेल तर तापसिलोग, तोसिनो म्हणजे गोड डुकराचं असेल तर तोसिलोग. बीफ नको असणाऱ्यांनी तापसिलोगकडं बघू नका, बांगुस माशाचं बांगसिलोग घ्या. पोट बिघडलं की लुगाव, म्हणजे आपली पेज, वर आलं आणि तळलेला लसूण. चारच्या सुमाराला तुरोन, केळं आणि फणसाची पट्टी गुंडाळून साखरेत तळलेली, त्याचं वर्णन करत बसत नाही, खा.

दुबईत सतवा आणि करामाला हीच पद्धत दिसते, आपली बरीच माणसं तिथंच राहतात. तिकडं डुकराऐवजी कोंबडी आणि बीफ असतं, भाव जास्त आणि सावसावानच्या बाटल्या मागाव्या लागतात, बाकी बोट दाखवणं, आते-कुया, भातावर रस्सा, सगळं तसंच.

एक राहिलं. भाताच्या मोठ्या पातेल्याच्या तळाला लागलेली करकरीत खरवड असते, तिला तुतोंग म्हणतात. ती कपाटात दिसत नाही आणि कुणी विकायला काढत नाही, पण आवडत असेल तर अकराच्या आधी जाऊन आतेला सांगून ठेवा, दुपारी गर्दी ओसरली की ती डावाच्या कडेनं खरवडून वाटीत काढून देते, वर सिनिगांगचा गरम रस्सा घालून घ्यायचा.